जवसाचं तेल

सुतार म्हणतो, बंदुकीच्या दस्त्याला मेलामाइन पॉलिश मारू, चकाचक होईल. मला तेच नको आहे. चकाचक लाकडाला हात लावला की आपला हात मळका वाटतो. म्हणून मोंढ्यातून जवसाचं तेल आणलं आणि दुपारी ओसरीवर बसलो.

आजोबांची ठासणीची बंदूक. परवाना पीकसंरक्षणाचा, आता थोरल्या भावाच्या नावावर. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखायला ठासणीच्या बंदुकीची वेगळी सोय आहे. आजोबांनी ती सोय फक्त आवाजापुरती वापरली. हरभऱ्याला घाटे धरले की हरणं उतरायची. आजोबा माळ्यावर उभे राहून नळीत दारू ओतायचे, वर काथ्याचा बोळा, मग गजानं ठासणं. केप, म्हणजे ठिणगीची टोपी, बसवून म्हणायचे, "कान धरा रे." बार निघायचा, हरणं बांध ओलांडून शेजारच्या रानात. थोड्या वेळानं शेजारी भांडायला हजर. तिकडं सुतळी बॉम्ब फुटला की तीच हरणं पुन्हा आमच्याकडं. छर्रा आजोबांनी कधीच भरला नाही. म्हणायचे, "त्यास्नी काय कळतंय सातबारा कुणाचा हाय?"

आधी गज नळीत सोडून बाहेरच्या लांबीशी ताडून पाहिला. आत काही ठासलेलं नाही. मग दस्ता सोडवला. पॉलिश पेपर मुद्दामच घेतला नाही. तो हातात आला की माणूस थांबत नाही. लाकूड झिजतं आणि घोड्याची लोखंडी पट्टी उघडी वर राहते. दबलेल्या जागी ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफेनं लाकडाचे तंतू फुगतात, पोचा भरून येतो. पोचे बहुतेक निवडणुकांचे. आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा, तिथं सगळ्या एकमेकींवर रचलेल्या. एक चीर मात्र वाफेला दाद देईना. लाकूड दबलेलं नाही, तुटलेलं आहे. राहू दे.

तेल चार थेंबच घ्यायचं, तळहातानं चोळत राहायचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आजोबा बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळायचे, तसंच. जू लागून घट्टे पडलेल्या जागी त्यांचा हात जरा जास्त रेंगाळायचा. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." आता ट्रॅक्टर आहे. त्याला हार घालतात, आवतन कोणी देत नाही.

जवसाचं तेल उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता सुटते. तेलकट चिंध्यांचा बोळा करून टाकला तर आपोआप पेट घेऊ शकतो. त्या मी कुंपणावर पसरून वाळवतो. घरच्यांना वाटतं, हे नवीनच खूळ.

भाऊ विचारतो, "मिरवणुकीत न्यायची हाय का?" मी काय सांगणार. आठवडाभर रोज एक हात, मग महिनाभर आठवड्याला एक, मग वर्षभर महिन्याला एक, असा या तेलाचा जुना हिशेब. वर्षभरात एखादी निवडणूक लागणारच. लागली तर लागली.