घारग्यांचा भोपळा

शेंग तोडण्याआधी आजींनी चिमूटभर तंबाखू मातीवर ठेवली, हळूच काही म्हणाल्या आणि मगच वेलाला हात लावला.

कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठाच्या आवारातली ही मूलनिवासींची बाग. मक्याच्या ताटावर चढलेला घेवडा, खाली भोपळ्याची रुंद, खरखरीत पानं. घेवडा जमिनीला नत्र देतो, पानं ओल धरून ठेवतात.

मी म्हटलं, "आमच्याकडेही हे तिन्ही पिकतं."

"कुणाकडून आलं, ते सांगतात का?"

नाही सांगत. मेक्सिकोत सुमारे ९,००० वर्षांपूर्वी माणसांनी एका रानगवतातून मका घडवला, एवढं मी शिकले होते. पण हे बियाणं जपणारे मूलनिवासी आजही आहेत, हे वर्गात कुणी उच्चारलं नव्हतं. आपल्या घारग्यांचा लाल भोपळाही मूळचा त्यांच्याच खंडातला. फार लागलं मनाला.

तुमच्या पुस्तकात होतं का हे?