कोबीतलं फॉस्फोलिपेज डी आणि ब्युटेनॉलचा ठिपका: माझा अनुभव

टीएलसी प्लेटवर (सिलिकाचा पातळ थर दिलेली, मिश्रणातले घटक ठिपक्यांनी वेगळे दाखवणारी प्लेट) फॉस्फॅटिडिक ॲसिड या लिपिडचा, म्हणजे मेदासारख्या रेणूचा, ठिपका आला म्हणजे फॉस्फोलिपेज डी हे एन्झाइम चाललं, असं वहीत लिहायची घाई करू नका. हा ठिपका नको तिथे उगवतो. पान चिरलं तरी येतो, मिक्सर फिरवला तरी येतो, आणि बाजारातल्या सोया लेसिथिनमध्ये तर तो आधीपासूनच असतो.

एन्झाइमचं काम सोपं आहे. पेशीच्या पडद्यातल्या फॉस्फॅटिडिलकोलीनमधून ते कोलीन तोडतं, उरतं ते फॉस्फॅटिडिक ॲसिड. पेशीत हे ॲसिड निरोप्याचं, म्हणजे संदेश पोचवायचं काम करतं, पण फार वेळ टिकत नाही. फॉस्फेटेज नावाची एन्झाइमं त्याचं डायॲसिलग्लिसरॉल करतात आणि डायॲसिलग्लिसरॉल कायनेज हे आणखी एक एन्झाइम त्याचं परत फॉस्फॅटिडिक ॲसिड करतं. म्हणजे एकच रेणू दोन वाटांनी तयार होतो, आणि प्लेटवर वाट दिसत नाही. फॉस्फोलिपेज डीला मात्र एक खोड आहे: समोर प्रायमरी अल्कोहोल (ज्याचा ओएच गट साखळीच्या टोकाच्या कार्बनवर असतो) असलं की ते पाण्याऐवजी तेच उचलतं. एन-ब्युटेनॉल दिलं तर फॉस्फॅटिडिलब्युटेनॉल बनतं. कायनेजला हे जमत नाही. म्हणून साक्ष धरायची ती या दुसऱ्या ठिपक्याची.

इथेनॉलनेही हे होतं, पण आमच्या ऊसपट्ट्यात डिस्टिलऱ्या कितीही असल्या तरी लॅबला शुद्ध इथेनॉल हवं तर एक्साइजचा परवाना लागतो. डिनेचर्ड स्पिरिट वापरायचा मोह टाळा, त्यात मिसळलेलं मिथेनॉलही हे एन्झाइम उचलतं. ब्युटेनॉलला ही कटकट नाही.

एन्झाइमसाठी सांगलीच्या मंडईतला कोबीचा गड्डा पुरतो. १९४७-४८ मध्ये हॅनाहान आणि चायकॉफ यांनी हे एन्झाइम दाखवलं ते गाजरात आणि कोबीतच. बाहेरची हिरवी पानं काढून टाका, आतली पिवळट-पांढरी घ्या. हरितद्रव्य जितकं कमी तितकं पुढचं काम स्वच्छ. बर्फाच्या पाण्यात थोडं थोडं वाटा, मिक्सरचं भांडं हाताला कोमट लागायच्या आत थांबा. मलमलीतून गाळा आणि सेंट्रिफ्यूजमध्ये १३,००० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट जोराला) अर्धा तास फिरवा. जी म्हणतोय, आरपीएम (मिनिटाचे फेरे) नाही. रोटर बदलला की आरपीएमचा आकडा कुचकामी.

मग ५५ अंशांना ५ मिनिटं. बरीचशी नको ती प्रथिनं साकळून खाली बसतात, फॉस्फोलिपेज डी तगून राहतं. इथली नेहमीची चूक म्हणजे अर्धा लिटरचा बीकर तसाच वॉटर बाथमध्ये ठेवणं. तो तापायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि ही ५ मिनिटं आतल्या द्रवाची आहेत, बाथची नाहीत. ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये वाटून, आत थर्मामीटर ठेवून करा, वेळ संपताच बर्फात. परत फिरवा, वरचा स्वच्छ भाग घ्या.

सब्स्ट्रेटसाठी, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं त्या पदार्थासाठी, अंड्याचा बलक बरा. ॲसिटोनने तेल आणि कोलेस्टेरॉल धुवून काढा, उरलेलं फॉस्फोलिपिड ॲल्युमिनाच्या कॉलमवर घालून क्लोरोफॉर्म-मिथेनॉल ९:१ ने उतरवा. फॉस्फॅटिडिलकोलीन खाली येतं, इथेनॉलअमीनवालं मागे अडकतं.

जुन्या पद्धतीत एन्झाइमला चालना द्यायला डायइथाइल इथर घालतात. तो ३४.६ अंशांना उकळतो. सांगलीत एप्रिलच्या दुपारी खोलीच त्याहून गरम असते. झाकण सैल केलं की बाटली फुसफुसते. आम्ही एसडीएस या डिटर्जंटवर आलो, आणि मग क्रम पाळावा लागतो. लिपिड आणि एसडीएस आधी पाण्यात एकत्र सोनिकेट करायचं (ध्वनिलहरींनी घुसळायचं), दुधाळ-निळसर झालं की बफर, कॅल्शियम सर्वांत शेवटी. कॅल्शियम आधी गेलं तर एसडीएसचा पांढरा साका बसतो आणि प्रयोग तिथेच संपतो. पोटॅशियमचे क्षारही त्याच कारणाने नकोत. फॉस्फेट बफर तर नकोच, कॅल्शियम फॉस्फेटच खाली बसेल.

अर्ध्या मिलीत ५ मिलिमोलर लिपिड (साधारण २ मिलिग्रॅम), तितकंच एसडीएस, ५० मिलिमोलर सोडियम ॲसिटेट पीएच ५.६, ४० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, १ टक्का ब्युटेनॉल म्हणजे ५ मायक्रोलिटर. एन्झाइम घालून ३० अंशांना अर्धा तास.

थांबवताना थेट मिथेनॉल ओतू नका. एन्झाइम अजून जिवंत असतं, ते मिथेनॉलही उचलतं आणि ब्लँकमध्ये फॉस्फॅटिडिलमिथेनॉलचा फिकट ठिपका येतो. आधी ०.२ मोलर ईडीटीएचे ०.१५ मिली घालून कॅल्शियम काढून घ्या, त्याशिवाय एन्झाइम चालत नाही. मग ०.१५ मिली पाणी, म्हणजे एकूण ०.८, त्यावर १ मिली क्लोरोफॉर्म, २ मिली मिथेनॉल. हे ब्लाय आणि डायर यांचं १९५९ चं प्रमाण, द्रव एकजीव दिसला पाहिजे. मग १ मिली क्लोरोफॉर्म आणि १ मिली १ मोलर सोडियम क्लोराइड. थर सुटतात, लिपिड खालच्या थरात. नळ्या काचेच्या, झाकणाला टेफ्लॉन. प्लास्टिकमधून क्लोरोफॉर्म काय काय ओढून आणतो ते प्लेटवर दिसतंच.

प्लेट ११० अंशांना तासभर तापवून लगेच वापरा, पावसाळ्यात तर नक्कीच. सिलिका ओल धरते आणि ठिपक्यांच्या जागा हलतात. सॉल्व्हंट म्हणजे इथाइल ॲसिटेट, आयसोऑक्टेन, ॲसेटिक ॲसिड, पाणी ११०:५०:२०:१०० प्रमाणात सेपरेटिंग फनेलमध्ये हलवून मिळणारा फक्त वरचा थर. नितळ होईपर्यंत थांबा. पाण्याचे थेंब सोबत आले की फॉस्फॅटिडिक ॲसिडची शेपटी ओढली जाते. फॉस्फॅटिडिलकोलीन तळाशी, त्यावर फॉस्फॅटिडिक ॲसिड, त्याहून वर फॉस्फॅटिडिलब्युटेनॉल. आयोडीनच्या वाफेत तपकिरी ठिपके दिसले की पेन्सिलने लगेच घेरा, ते उडून जातात.

अख्ख्या पानातलं फॉस्फॅटिडिक ॲसिड मोजायचं असेल तर वाटण्याआधी पान ७५ अंशांच्या आयसोप्रोपेनॉलमध्ये १५ मिनिटं बुडवा, त्यात ०.०१ टक्का बीएचटी (लिपिड खराब होऊ न देणारं अँटिऑक्सिडंट). एन्झाइम आधी मरतं, आणि हे सेकंडरी अल्कोहोल त्याला उचलता येत नाही. बीएचटी प्लेटच्या अगदी टोकाला जाऊन बसतं, त्याला नवीन लिपिड समजू नका.

कंट्रोलला, म्हणजे तुलनेच्या नळीत, टर्शरी ब्युटेनॉल, तेवढंच १ टक्का. तेही एन्झाइमला उचलता येत नाही. त्याच्या नळीत वरचा ठिपका येता कामा नये. आला तर बाटलीत दुसरं अल्कोहोल मिसळलंय. ते साधारण २५ अंशांना गोठतं, म्हणून डिसेंबरच्या सकाळी बाटलीत बर्फासारखा गोळा दिसतो. खराब समजून टाकू नका, कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा.