सातबारा वाचून होईपर्यंत जेसीबी बंद ठेवा

ॲक्शन पिक्चरमधला व्हिलन बहुतेक वेळा जागेच्याच मागं असतो. वस्ती उठवायची, गावची जमीन बळकवायची, हिरोच्या बापाचं घर पाडायचं. मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो. तेलुगू हाणामारीचे पिक्चर लहानपणापासून जीव लावून बघत आलो, आजही बघतो. पण जमिनीच्या व्यवहारात पडल्यापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. शेवटी व्हिलनचं गोदाम जळतं, त्याची माणसं धुळीत लोळतात, हे ठीक. पण तलाठ्याच्या दप्तरात काय बदललं? त्याच्या नावचा फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, तशीच राहिली असेल, तर महिन्याभरात त्याचा भाचा दुसरा जेसीबी घेऊन दारात उभा राहील.

हे माझं नुसतं बोलणं नाही. विजापूर रोडला, शहर मागं पडल्यावर, असा एक प्रसंग मी उभ्यानं पाहिला आहे.

तिथं दोन भावांची सामाईक जमीन होती. त्यातल्या धाकट्याचा मला फोन आला होता. "भाऊ, लवकर या. जेसीबी बांधावर आलाय. आज काय तरी हुतंय बघा." पोचलो तेव्हा दोन बोलेरो आडव्या लावलेल्या, दहा-बारा पोरं काठ्या घेऊन उभी. समोर धाकट्याची बायको जेसीबीच्या बकेटपुढं मातीत बसलेली आणि धाकट्याच्या हातात कोयता. दोन पोलीस आले होते. हा दिवाणी वाद आहे, साहेब येईपर्यंत कुणी हात उचलायचा नाही, एवढंच ते परत परत बजावत होते. कडेला गावातली पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती. थोरला भाऊ लांब लिंबाखाली पाठमोरा. त्याच्या शेजारी माहेरी आलेली बहीण, अक्का. तिच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

जमीन वडिलोपार्जित, १ हेक्टर ६० आर, म्हणजे साधारण चार एकर. थोरल्यानं त्यातली निम्मी, ८० आर, शहरातल्या एका टॉवेल कारखानदाराला विकलेली. खरेदीखत नोंदणी केलेलं, पैसे पोचलेले. हायवे चौपदरी झाल्यापासून इथल्या प्रत्येक बांधाला भाव आलाय. कारखानदार मालकांना तिथं गोदाम टाकायचं होतं.

मी आधी या मालकांकडं गेलो. "मालक, जेसीबीचं मीटर चालू आहे. तासाचं भाडं तुमच्याच खिशातून चाललंय. बोलणं होईस्तवर बंद करायला सांगा." त्यांनी हात केला, इंजिन थांबलं. या गोष्टीला मी फार किंमत देतो. मशिनच्या आवाजात माणूस ओरडूनच बोलतो, आणि ओरडणाऱ्याला समोरचा शिवी दिल्यासारखाच वाटतो. मग दोन्हीकडच्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की यात माझी दलाली एक रुपयाही नाही, ना या बाजूनं, ना त्या बाजूनं. हे आधी सांगितलं नसतं तर पुढचा एक शब्द कुणी ऐकला नसता.

बोलेरोच्या बॉनेटवर खरेदीखताची झेरॉक्स पसरली आणि चतुःसीमा मोठ्यानं वाचली. पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस ओढा, उत्तरेस तमक्याचा गट. "मालक, ह्या सगळ्या गटाच्या सीमा आहेत. तुमचे ८० आर ह्यातले कुठले?"

ते म्हणाले, "उत्तरेकडचे. तसंच ठरलंय."

"कागदात कुठाय?"

कागदात नव्हतं. त्यांनी अविभक्त, म्हणजे वाटणी न झालेला, हिस्सा घेतला होता. सरस-निरस, म्हणजे चांगली-वाईट जमीन बघून प्रत्यक्ष तुकडे पाडणारं, वाटप झाल्याशिवाय अशा हिश्श्याला जमिनीवर जागा नसते. घेणारा वाटप मागू शकतो, पण एका कोपऱ्यावर बोट ठेवून हा माझा म्हणू शकत नाही. म्हणजे जेसीबी ज्या मातीवर उभा होता ती मालकांची आहे असं म्हणता येत नव्हतं, आणि कोयता घेतलेल्या धाकट्यालाही ती एकट्याची म्हणता येत नव्हती. दोघंही जिवावर उदार झाले होते ते अजून न आखलेल्या रेषेसाठी. हे ऐकल्यावर काठीवाल्या पोरांतली दोघं-तिघं गुपचूप बोलेरोत जाऊन बसली.

मग मी फोनवर सातबारा उघडला. कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, दोन्ही भाऊ. घेताना सगळ्यांनी तेवढंच वाचलेलं. खाली इतर हक्कात अक्कांचं नाव, वारस म्हणून. आपल्याकडं बहिणींची नावं वर्षानुवर्षं अशी खालच्या रकान्यात टाकली गेली, आणि लोक ते कर्जाचा बोजा वाचल्यासारखं वाचून पुढं जातात. मला याचा मनापासून राग येतो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क दिला. वडील २००५ आधी वारले असले तरी तो जात नाही, हे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं. म्हणजे हिस्से तीन. थोरल्याच्या वाट्याला ५३ आर आणि त्यानं विकले ८०.

मी अक्कांना पुढं बोलावलं. "अक्का, तुम्हाला काय पाहिजे?"

"आजवर मला कुणी इचारलंच न्हाई बघा," त्या म्हणाल्या. "इकायचं न्हाई. हक्कसोड बी देणार न्हाई. माझं नाव वर घ्या."

थोरला तोवर मान खाली घालून जवळ आला होता. तो काहीच बोलला नाही.

आता खरं काम होतं. वाद मिटवायचा तर प्रत्येकाला जमिनीतलं नेमकं काय पाहिजे ते विचारावं लागतं. आर आणि गुंठे नंतर. मालकांना विचारलं, "चाळीस फुटी कंटेनर आत वळवायचा तर रस्त्याला तोंड किती लागेल?" ते विचारात पडले. गटाचं रस्त्याकडचं तोंड साधारण २६० फूट, खोली साडेसहाशेच्या पुढं. उभी निम्मी वाटणी केली तर त्यांच्याकडं १३० फूट तोंड आणि मागं लांबलचक पट्टी राहते. हायवेलगतची बांधकाम रेषा, म्हणजे जिच्या रस्त्याकडच्या बाजूला बांधता येत नाही ती, सोडली की पुढचा भाग गेला, मागचा गोदामाला निरुपयोगी. आडवी वाटणी केली तर ५३ आरमध्येच जवळजवळ सगळं तोंड त्यांचं होतं. क्षेत्र कमी, पण कामाला येणारी जागा जास्त. धाकट्याला विचारलं तर त्याला विहीर आणि वडिलांची समाधी हवी होती. दोन्ही मागच्या अंगाला, ओढ्याजवळ. रस्त्याचं तोंड तो धरून बसला होता ते फक्त आत जायची वाट बंद होईल या भीतीनं.

काठीनं मी मातीत चौकोन काढला. पुढं मालक. मागं दोन भाग, धाकटा आणि अक्का, विहीर दोघांत सामाईक. दक्षिणेच्या कडेनं बारा फुटी वाट, कायमची, कागदात लिहून. उरलेल्या २७ आरचे पैसे थोरल्यानं मालकांना परत करायचे.

इथं पुन्हा भडका उडाला. थोरल्याचे पैसे कर्जात आणि मुलीच्या लग्नात गेले होते. मालकांचा आवाज चढला, आणि ते चुकीचंही नव्हतं, पैसा त्यांचा होता. बराच वेळ ताणाताणी झाली. शेवटी मी म्हणालो, "मालक, दावा लागला की गोदाम किती वर्षं रखडेल ते तुमच्या वकिलांना आत्ता फोन लावून विचारा." त्यांनी खरंच लावला. बाजूला जाऊन बोलले, परत आले आणि म्हणाले, "हप्त्यानं देऊ दे. पण लेखी."

धाकट्यानं कोयता कुठं ठेवला ते कळलं नाही. त्याची बायको चहा करायला घराकडं गेली होती.

कायद्याचं काम वकिलांनी केलं. आधी भूमी अभिलेख खात्याची पोटहिस्सा मोजणी, म्हणजे प्रत्येकाच्या तुकड्याची, हद्दीचे दगड, मग चौघांच्या सह्यांचं वाटणीपत्र, दुय्यम निबंधकांकडं नोंदणी. त्याला महिने गेले. मोजणीदिवशी एका दगडावरून धाकटा आणि मालकांचा सुपरवायझर परत हमरीतुमरीवर आले, पण तेव्हा वाद दोन फुटांचा होता आणि नकाशा हातात होता.

नवीन सातबाऱ्यावर अक्कांचं नाव कब्जेदार सदरी आलंय. थोरल्याचे काही हप्ते अजून बाकी आहेत. तारीख जवळ आली की मीच त्याला आठवण करतो.