वस्तुमान १५

मंगळवार, रात्री. पाषाण.

दिवसभर संततधार. हवा इतकी दमट की मास स्पेक्ट्रोमीटरची, म्हणजे आयन वस्तुमानानुसार मोजणाऱ्या यंत्राची, खिडकी बदलायचं काम पुढे ढकललं. लिथियम फ्लोराइडची चकती ती, ओल लागली की धुरकटते, आणि रेणूंचे आयन करणारा ११८ नॅनोमीटरचा प्रकाश अडतो. मग जुना डेटाच काढून बसले.

दुपारी आमच्या नव्या विद्यार्थ्याने वस्तुमान १५ चा, म्हणजे मिथिलचा (CH3, क्षणभरच टिकणारा रॅडिकल), आलेख पुढ्यात ठेवला. "ताई, बघा ना, मिथिल किती आलंय!" म्हटलं, अरे, सिग्नल किती आलाय ते दिसतंय, मिथिल किती आहे ते नाही. सभेत वर झालेल्या हातांवरून गर्दी सांगायची तर शंभरातले किती जण हात वर करतात ते आधी ठाऊक हवं. क्रॉस सेक्शन म्हणजे तेच: अमुक ऊर्जेच्या फोटॉनने रॅडिकलचा आयन होण्याची शक्यता. प्रोपीनसारखा टिकाऊ वायू सिलिंडरमधून मोजून सोडता येतो, म्हणजे त्याचा हा आकडा काढता येतो. मिथिल साठवताच येत नाही. दोन भेटले की इथेन होतं. बाकीचे नळीच्या भिंतीवर संपतात.

म्हणून ही युक्ती मला मनापासून आवडते. मिथिल आयोडाइडवर २६६ नॅनोमीटरचा लेसर पल्स मारायचा. जितके रेणू तुटले, तितकेच मिथिल आणि तितकेच आयोडीन अणू. पल्स पडला की वस्तुमान १४२ चा, म्हणजे मिथिल आयोडाइडचा, सिग्नल एक पायरी खाली येतो. ती पायरी म्हणजेच मिथिलचा हिशेब. त्याच क्षणी १५ चा सिग्नल उसळतो आणि काही मिलिसेकंदांत ओसरतो. त्या उताराला मागे नेत पल्सच्या क्षणाला भिडवायचं, कारण नंतर मोजलेलं सगळं आधीच थोडं खर्च झालेलं असतं. आज ते त्याच्याकडून कागदावर, पट्टी धरून करून घेतलं. प्रोग्रॅम एका सेकंदात काढतो, पण उतार कुठे वाकतो ते हाताला कळावं. शिवाय डिटेक्टर हलके आणि जड आयन सारख्याच नेकीने मोजत नाही, तीही दुरुस्ती करायची.

टाटजेस आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या फोटॉनसाठी मिथिलच्या क्रॉस सेक्शनचा आकडा दिला: ५.७ मेगाबार्न (हे त्याचं एकक), अधिक-उणे ०.९. एवढी मेहनत करून सोळा टक्के अनिश्चितता? तो जरा हिरमुसला. मला मात्र तो ०.९ फार मोलाचा वाटतो. ज्वालेत मिथिल किती, हे सांगणारा प्रत्येक जण अशाच एखाद्या आकड्यावर उभा असतो, आणि तो किती डळमळू शकतो हे त्यात लिहिलेलं आहे.

यापुढे प्रोपार्जिल, तीन कार्बनांचा रॅडिकल. दोन प्रोपार्जिल जुळून बेंझीनचं कडं बनतं, आणि काजळीची सुरुवात तिथून होते. समोरच्या टेकडीवर एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत इंजिनांचा धूर तपासतात, त्या धुरातल्या काजळीचं एक मूळ हे. पण प्रोपार्जिल क्लोराइड १९३ नॅनोमीटरला फोडलं की काही रेणूंतून क्लोरीनऐवजी अख्खा एचसीएल (हायड्रोजन क्लोराइड) बाहेर पडतो आणि प्रोपार्जिल उरतच नाही. म्हणजे पायरी आणि प्रोपार्जिल यांचा एकास एक मेळ बसत नाही. आधी ती फाट किती, ते काढावं लागेल. तो भाग त्यालाच द्यायचं ठरवलंय.