संध्याकाळी घेतलेली उंची

आमच्या फुटबॉल अकॅडमीत पुढच्या हंगामात कोणाला ठेवायचं आणि कोणाला सोडायचं, हे ठरवणारी बैठक दुपारी दोनला होती. यादीत एका मुलाच्या नावापुढे लाल खूण होती. वय १५ वर्षं १ महिना, मधल्या फळीत आठ नंबरवर खेळणारा. चार महिन्यांपूर्वी हाच मुलगा १७ वर्षांखालच्या संघात सरावाला जात होता आणि सीनियर संघाचे कोच त्याची चौकशी करून गेले होते. आता शेरा होता : 'आत्मविश्वास ढासळला आहे. लांब पास टाळतो. पळायची तयारी नाही.'

अकॅडमीतल्या मुलांची वाढ आणि सरावाचा भार यांची नोंद ठेवणं हे माझं काम. बैठकीपूर्वी प्रत्येकाचा तक्ता पुन्हा चाळायचा असतो. त्याचा तक्ता हिरवा होता. हंगामाच्या सुरुवातीला उंची १६४.२ सेंमी, बारा आठवड्यांनी १६५.७. म्हणजे दीड सेंमी, वर्षाच्या हिशेबाने साडेसहा. आमची सावधगिरीची रेषा वर्षाला ७.२ सेंमी, महिन्याला ०.६. त्याच्यावर वाढ गेली की उड्या आणि स्प्रिंट कमी करायचे, एका संघातून वरच्या संघात पाठवणं थांबवायचं. तो रेषेच्या आत होता, म्हणून त्याला दोन्ही संघांच्या सरावाला मोकळीक मिळाली होती.

शंका आली ती किटवाल्या काकांमुळे. सकाळी ते सहज म्हणाले, "याला या हंगामातला तिसरा जोड दिला बघा. चाळीसवरून एक्केचाळीसवर गेला." पाऊल उंचीच्या आधी वाढतं. बुटाचा नंबर भराभर बदलला की पाठोपाठ उंची सुटणार, हे आम्हाला शिकवलेलं असतं. पण मोठ्या क्लबात डझनभर तज्ज्ञ असतात आणि बुटांची वही मात्र कोणी मागत नाही. मीही मागितली नव्हती.

साडेआठ वाजता त्याला बोलावून पुन्हा मोजलं. उंची मोजण्यात काय कठीण, असं लोकांना वाटतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पाय अनवाणी, टाचा जुळलेल्या, टाचा, नितंब आणि पाठीचा वरचा भाग पट्टीला टेकलेला. डोळ्याची खालची कड आणि कानाची वरची खाच एका आडव्या रेषेत. हनुवटी वर गेली की आकडा चुकतो. कानामागच्या हाडाखाली दोन्ही हातांनी हलका आधार देऊन वर उचलायचं, खोल श्वास घ्यायला सांगायचं आणि श्वास धरलेला असताना फळी केसांवर दाबून वाचायचं. दोनदा मोजायचं. दोन्हींत ०.४ सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजून मधला आकडा धरायचा. मग ४० सेंमीच्या बाकड्यावर बसवून बसकी उंची. इथे मुलं नकळत नितंब आवळतात आणि आकडा वाढतो, म्हणून मांड्या सैल आहेत का ते हात लावून पाहावं लागतं. हे सगळं दर वेळी एकाच माणसाने करायचं.

आणि दर वेळी एकाच वेळेला. मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी दिवसभराच्या भाराने पिळून निघतं, रात्री आडवं झाल्यावर परत भरतं. त्यामुळे सकाळची आणि संध्याकाळची उंची यांत सेंटीमीटरभर फरक सहज पडतो. दिवसभर पळून, उड्या मारून आलेल्या मुलाच्या बाबतीत तर नक्कीच.

फळीवर आकडा आला १६९.०. मागच्या मोजणीला दहा आठवडे झाले होते. दहा आठवड्यांत ३.३ सेंमी म्हणजे वर्षाला सतराच्या वर. उंची जोरात सुटण्याच्या काळात मुलगे वर्षाला ९-१० सेंमी वाढतात, काही ११-१२ सुद्धा. सतरा वाढत नाहीत. म्हणजे जुना एखादा आकडा चुकीचा होता. मधल्या मोजणीची फाइल उघडली. नोंद संध्याकाळी ६.४० ची, सरावानंतरची. त्या दिवशी मी बाहेरच्या सामन्याला गेलो होतो आणि माझ्या जागी दुसऱ्या सहकाऱ्याने मोजलं होतं. त्याचा दोष म्हणता येत नाही, कारण फॉर्मवर वेळेचा रकानाच नव्हता. तो फॉर्म माझा.

ती मोजणी बाजूला ठेवली आणि सकाळचे दोन आकडे घेतले : २२ आठवड्यांत ४.८ सेंमी, वर्षाला ११.३. म्हणजे ज्या पाच महिन्यांत त्याला सगळ्यात जपायला हवं होतं, त्याच पाच महिन्यांत आम्ही त्याच्यावर दोन संघांचा भार टाकला होता.

बसकी उंची पाहिल्यावर मात्र मी थांबलो. ४.८ पैकी २.६ सेंमी धडाचे होते. मुलांमध्ये आधी पाय वाढतात, मग धड, आणि वजन-ताकद सगळ्यात शेवटी. म्हणून दुखणीही खालून वर सरकतात : आधी टाच, मग गुडघ्याखालचा उंचवटा, मग खुबा आणि कंबर. धड वाढत असलेला, अजून अंग न भरलेला मुलगा, आणि 'लांब पास टाळतो' हा शेरा. हे दोन्ही शेजारी ठेवल्यावर मी त्याला विचारलं, "कंबर दुखते का रे?"

"नाही सर. आखडते फक्त."

"कधी?"

"लांबचा क्रॉस मारला की. म्हणून आजकाल छोटेच देतो."

हात छातीवर बांधून, एका पायावर उभं राहून मागे वाकायला सांगितलं. उजव्या पायावर ठीक. डाव्यावर निम्म्यातच त्याने ओठ दाबले आणि पाय टेकवला. ही चाचणी एकटी काही सिद्ध करत नाही आणि दुखलं नाही म्हणून धोका नाही असंही नाही. पण वाढत्या वयातल्या खेळाडूची कंबर मागे वाकताना दोन-तीन आठवड्यांहून अधिक दुखत असेल, तर मणक्याच्या मागच्या कमानीला ताणाची चीर आहे असं धरूनच पुढे जायचं. फिजिओने त्याच क्षणी त्याचा सराव बंद केला.

उरला 'पळायची तयारी नाही' हा शेरा. तो जीपीएस जॅकेटच्या आकड्यांवरून आला होता. आमच्याकडे ताशी १९.८ किमीच्या वरचं पळणं 'वेगवान' आणि २५.२ च्या वरचं 'स्प्रिंट' धरतात. हे आकडे प्रौढ व्यावसायिक खेळाडूंचे. या मुलाचा सर्वाधिक वेग पूर्वी २८.४ होता, आता २७.१. पाय लांब झालेत, ते हलवणारे स्नायू अजून तेवढेच, त्यामुळे या काळात वेग थोडा उतरतोच. परिणाम असा की सामन्यातले त्याचे स्प्रिंट नऊवरून तीनवर आलेले दिसले. त्याच्या स्वतःच्या कमाल वेगाच्या टक्केवारीत मांडल्यावर पळणं जवळपास तेवढंच निघालं. मुलगा तितकाच जीव काढून पळत होता. चुकीची होती ती मोजपट्टी. हे आकडे प्रत्येकाच्या वेगानुसार लावावेत, हे मी दोन हंगाम सांगतो आहे. पण पडद्यावर सगळ्या वयोगटांची तुलना एका रंगात दिसते, ते वरच्यांना सोयीचं वाटतं.

श्रमाच्या गुणांचंही तसंच. सरावानंतर अर्ध्या तासाने मुलाला विचारायचं, दहापैकी किती कष्टाचं वाटलं. तो आकडा गुणिले मिनिटं. ९० मिनिटं आणि ६ म्हणजे ५४०. त्याचे आकडे सलग सात आठवडे ६ होते. एकाही दिवशी ५ नाही, ७ नाही. कोचसमोर, सगळ्यांच्या देखत विचारलं की ज्याला वरच्या संघात टिकायचंय तो सहाच सांगणार. असे सपाट आकडे आले की त्या मुलाला एकट्याला गाठायला हवं. आम्ही ते सरासरीत टाकले.

बैठकीत माझ्याकडे स्कॅन नव्हता. एक आकडा होता आणि दाबलेले ओठ. निर्णय सहा महिने पुढे ढकला, एवढंच मागणं होतं. एक कोच म्हणाले, "दर वर्षी तुमच्याकडे एखादा वाढणारा मुलगा असतोच." खरंच असतो. पुढे इंग्लंडकडून खेळलेल्या जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडे क्लबने १६ व्या वर्षी लहानखुरा म्हणून सोडलं, पुढे विश्वचषक जिंकलेल्या ग्रीझमनला फ्रान्समधल्या क्लबांनी उंचीवरून परत पाठवलं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण स्वतःच्या यादीतल्या मुलाच्या वेळी कोणालाच ते आठवत नाही. मग मी त्याच्या अंदाजित प्रौढ उंचीचा कागद ठेवला. खमिस आणि रोश यांची १९९४ ची पद्धत : मुलाची उंची, वजन, वय आणि आईवडिलांच्या उंचीची सरासरी. आईवडील स्वतःची उंची वाढवून सांगतात, म्हणून आम्ही त्यांनाही पट्टीखाली उभं करतो. अंदाज १८० सेंमी. म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला तो प्रौढ उंचीच्या ९१ टक्क्यांवर होता. त्याच्या जागेसाठी त्याच्याशी झुंजणारा मुलगा ९८ वर, दाढी येऊ लागलेला. दोघांच्या जन्मतारखांत अकरा महिन्यांचं अंतर, वयोगट एकच. निर्णय पुढे गेला.

तीन दिवसांनी एमआरआय झाला. पाचव्या कंबरमणक्यात डाव्या बाजूला हाडाला सूज आणि अर्धवट चीर. साध्या एक्स-रेत ही अवस्था बहुतेक वेळा दिसतच नाही. वेळेवर सापडली तर चीर भरून येते. आणखी काही आठवडे लांब क्रॉस मारत राहिला असता तर काय, याचं उत्तर देता येत नाही.

बारा आठवडे चेंडू बंद. आधी फक्त पोटाचे आणि कुशीचे व्यायाम, मग सायकल, मग सरळ रेषेत धावणं. चेंडू सगळ्यात शेवटी, आणि तोही मोजून : दहा मीटरवर पायाच्या आतल्या बाजूने २० पास, दुसऱ्या दिवशी दुखलं नाही तर ३०, मग २० मीटर. जॅकेट पळणं मोजतं, लाथा मोजत नाही, म्हणून फिजिओ हातात क्लिकर घेऊन कडेला उभा असतो. सध्या तो वीस मीटरवर आहे. लांबचा क्रॉस अजून नाही. उंची १७२.१, सकाळी साडेआठला.

फॉर्मवर आता वेळेचा रकाना आहे. त्यानंतर मी मागच्या तीन हंगामांचे तक्ते काढले. त्या काळात सोडलेल्या मुलांपैकी कोणाची उंची संध्याकाळी घेतली होती, ते पाहायचं होतं. जुन्या नोंदी कागदावरच्या, नंतर टाइप केलेल्या. तारखा आहेत, आकडे आहेत, मोजणाऱ्याची सही आहे. वेळ कुठेच लिहिलेली नाही.