धावलीस तू, मग आभार एवढे कुणाचे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हाफ मॅरेथॉन झाल्यापासून ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, परवा तर भाजी घेताना पण हेच विचारलं कुणीतरी, की २१ किलोमीटर तू पळालीस, पाय तुझे दुखले, मग सारखे लोकांचे आभार काय मानतेस?

माझ्या भाचीला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे जन्मापासूनचा रक्ताचा आजार, अंगात पुरेसं रक्त तयारच होत नाही. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि त्या रक्तातून अंगात लोह साचत जातं, ते हृदयाला, लिव्हरला त्रास देतं म्हणून ते बाहेर काढायची औषधं वेगळी. आईबाप दोघं कॅरियर असले, म्हणजे स्वतःला त्रास नसला तरी या आजाराचा जीन दोघांच्या अंगात असला, की प्रत्येक बाळाच्या वेळी हा आजार व्हायची २५ टक्के शक्यता असते. लग्नाआधी एचबीए२ नावाची एक रक्ताची टेस्ट केली असती तर कळलं असतं, पण माझ्या बहिणीला हे तेव्हा कुणी सांगितलंच नाही. (तुमच्या घरात लग्न ठरत असेल तर प्लीज करून घ्या.)

तर तिच्यासोबत वॉर्डात बसले की शेजारच्या बेडवर पेठ, सुरगाणा अशा नाशिक जिल्ह्यातल्या लांबच्या तालुक्यांतून आलेली माणसं भेटतात. या मुलांना रक्त फुकट मिळतं, पण पहाटेची एसटी पकडून यायचं, दिवसभराची मजुरी बुडवायची, पोराला दुपारी काहीतरी खायला घालायचं आणि तीन आठवड्यांनी परत तेच, हे कुठल्या हिशोबात धरायचं? त्या येण्याजाण्याच्या आणि जेवणाच्या खर्चासाठी मी पैसे गोळा केले.

खरं सांगू, पळणं सोपं गेलं. मागणं अवघड. पहिला मेसेज मी तीन दिवस टाइप करून खोडत होते. आणि मग आमच्या दूधवाल्या काकांनी ५० रुपये हातात ठेवले, म्हणाले ताई, पोरांना बिस्किटं घ्या. आईने साडीच्या घडीतून ५०१ काढून दिले. त्या दिवसानंतर मला मागायची लाज वाटली नाही.

रेसच्या दिवशी गोल्फ क्लबच्या मैदानावरून अंधारातच निघालो. जेहान सर्कलला ढोल वाजत होता, नाशिकचा ढोल पहाटे कानावर पडला की पाय आपोआप उचलतात, आनंदवलीपर्यंत कसं गेले कळलंच नाही. येताना मात्र सोमेश्वरच्या पुढे पोटरीत गोळा आला. असा आला की रस्त्याच्या कडेला बसूनच घेतलं. दोन शाळकरी मुली धावत आल्या, एकीने स्प्रे मारला, दुसरीने लिंबू-मीठ पाणी दिलं आणि मावशी, थोडंच राहिलंय हो, चला ना, असं म्हणत त्या बऱ्याच लांबपर्यंत माझ्याबरोबर चालत आल्या. त्यांची नावं विचारायचं राहून गेलं, ते मला अजून लागतं.

फिनिशला भाची उभी होती. दोनच दिवसांपूर्वी रक्त चढवलेलं, त्यामुळे गाल गुलाबी, आणि माझ्यापेक्षा तीच जास्त ओरडत होती.

पण ज्यांच्यामुळे हे लिहावंसं वाटलं ते ऑफिसातले एक सहकारी. ते म्हणाले, मॅडम, घराचा हप्ता आहे, पैसे जमणार नाहीत, पण रक्त देतो चालेल का. चालेल का? मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, कॅम्प होत नाहीत, तेव्हा एकेका पिशवीसाठी आम्ही किती फोन केलेत ते आमचं आम्हाला माहीत, आणि साठवलेल्या लाल पेशी जेमतेम ३५ ते ४२ दिवस टिकतात, म्हणजे एकदाच भरपूर घेऊन ठेवू असंही करता येत नाही. ते त्याच आठवड्यात जाऊन रक्त देऊन आले. पुरुषांना तीन महिन्यांनी परत देता येतं, तर त्यांनी पुढच्या तारखेचा रिमाइंडर लावलाय मोबाईलमध्ये, काल डबा खाताना दाखवला मला.