वॉल घासायचं काम: आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हेडची, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरवरच्या झाकणाची, कामं करणारी आमच्यासारखी दुकानं पाण्याच्या इंजिनांवर उभी राहिली. नदीकाठचे पंप काय, गुऱ्हाळाचे चरक काय, सगळ्यांमागे डिझेल इंजिन असायचं, आणि उसाचा हंगाम तोंडावर आला की हेडं उतरून यायची. हेडमधला वॉल (व्हॉल्व्ह, म्हणजे झडप) त्याच्या सीटवर, म्हणजे मिटताना तो टेकतो त्या कड्यावर, घासून घट्ट बसवायचा. त्या कामाला एक लॅपिंग स्टिक (घासताना वॉल फिरवायची, रबरी कपाची काठी), घासायच्या पेस्टची डबी आणि रॉकेलचं भांडं पुरायचं. पुढे पंपांवर मोटारी बसल्या, आणि दुकानात ट्रॅक्टर, जीप, दुचाकींची हेडं येऊ लागली. आता सीट कटर, भोक नेमक्या मापात आणणारा रीमर, बारीक हालचाल मोजणारं डायल गेज आहेत, तरी डबी फळीवर आहेच. तिचं काम तेवढं बदललंय. पूर्वी पेस्टनं दुरुस्ती करायचे. आम्ही आज पेस्टनं फक्त शेवटचा हात मारतो आणि जागा तपासतो.

याचं कारण सीटच्या रुंदीत आहे. इनटेकला (हवा आत घेणाऱ्या वॉलला) साधारण 1 ते 1.5 मिमी आणि एक्झॉस्टला (धूर बाहेर सोडणाऱ्या वॉलला) 1.5 ते 2 मिमी टेकण्याचा पट्टा लागतो. एक्झॉस्टला जास्त, कारण वॉलची बरीचशी उष्णता मिटलेल्या वेळात सीटमधूनच हेडमध्ये उतरते. खोल खड्डे घालवायला जाड पेस्टनं घासत बसलं की पट्टा रुंद होतो, वॉलच्या तोंडावर (सीटला टेकणाऱ्या तिरक्या काठावर) खाच पडते आणि वॉल सीटमध्ये खाली बसतो. मग स्टेम (वॉलचा दांडा) वर येऊन टॅपेटचा गॅप, म्हणजे स्टेमच्या टोकाशी ठेवलेली फट, कमी होतो, स्प्रिंगची उंची वाढून ताण घटतो, डिझेलला कॉम्प्रेशनही कमी होतं. गॅप तसाच राहू दिला तर गरम झाल्यावर वॉल पूर्ण मिटत नाही आणि एक्झॉस्टचा काठ जळतो. इंजिनाचा मालक म्हणतो, ‘कालच तर घासून आणलं!’

म्हणून पेस्टच्या आधी गाइड, म्हणजे स्टेम ज्यात सरकतो ती नळी. वॉल सीटवरून थोडा उचलून त्याचं डोकं (चकतीसारखं टोक) आडवं हलवून बघायचं, डायल लावून आकडा घ्यायचा. गाइड झिजलेलं असेल तर वॉल दरवेळी वेगळ्या जागी बसतो आणि लॅपिंगनं सीट लांबट होते. आधी गाइड बदलायचं, मग सीट कापायची, कारण कटरचा पायलट (त्याला मधोमध धरणारी दांडी) गाइडमध्येच बसतो. हा क्रम उलटा झाला की दोन्ही कामं वाया. वॉल व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यावर) फिरवून वाक बघायचा, तोंडावर 0.05 मिमीच्या वर डायल हलला तर आम्ही तो वॉल बाजूला टाकतो. डोक्याच्या काठाची जाडी 1 मिमीच्या आसपास आली असेल तर एक्झॉस्ट वॉल परत बसवतच नाही.

सीट 45 अंशांत कापली की पट्टा वॉलच्या तोंडाच्या मधोमध यायला हवा. वर गेला असेल तर 30 च्या कटरनं वरून घ्यायचा, खाली असेल तर 60 च्या कटरनं खालून. काही इंजिनांत इनटेकचा कोन मुळातच 30 असतो, तेव्हा मॅन्युअल बघितल्याशिवाय कटर लावायचा नाही.

आता घासणं. स्टेमला इंजिन ऑइलचा हात, म्हणजे पेस्ट उतरलीच तरी गाइडमध्ये चिकटत नाही. बारीक पेस्टचे तीन-चार ठिपके तोंडावर, पूर्ण लेप नको. रबरी कप डोक्यापेक्षा किंचित लहान घ्यायचा आणि पाण्याचा थेंब लावून दाबायचा. काजळी असलेल्या डोक्यावर तो टिकत नाही. डोकं खोलगट असेल तर कपाच्या नादी न लागता स्टेमच्या टोकाला घट्ट रबरी नळी घालून खालून ओढत फिरवावं. तळव्यांत स्टिक धरून रवीसारखी मागे-पुढे फिरवायची, पाव फेरा इकडे, पाव तिकडे. आठ-दहा हात झाले की वॉल उचलायचा, जागा बदलायची, पुन्हा टेकवायचा. उचललं नाही तर पेस्ट एकाच जागी साचून गोल चरे पडतात. ड्रिल मशीनला वॉल लावून गरागरा फिरवणाऱ्यांच्या सीटवर हेच चरे दिसतात. सुरुवातीची खरखर मऊ झाली की पेस्ट मेली; पुसून बघायचं. नीट कापलेल्या सीटला एक-दोन मिनिटं पुरतात.

राखाडी, मंद पट्टा दोन्ही बाजूंना वेगवेगळा वाचायचा. वॉलवर पट्टा अखंड आणि सीटवर तुटका, तर सीट गोल नाही. सीटवर अखंड आणि वॉलवर तुटका, तर वॉल वाकलाय किंवा त्याला खड्डा आहे. दोन्ही ठिकाणी आणखी पेस्ट हे उत्तर नाही. मग निळा रंग वॉलला पातळ लावून, न फिरवता सीटवर दाबून ठसा घ्यायचा. शेवटी स्प्रिंग-लॉक बसवून पोर्टमध्ये (हवा-धुराच्या वाटेत) रॉकेल ओतायचं. पाच मिनिटांत डोक्याकडे ओल दिसता कामा नये.

काही वॉलना पेस्ट लावायचीच नाही. नायट्राइड किंवा अन्य लेपाचे वॉल, टायटॅनियमचे वॉल, आणि जिथे कंपनीनं वॉल व सीटच्या कोनात मुद्दाम अर्ध्या ते एक अंशाचा फरक ठेवलाय ते. घासलं की लेप जातो किंवा फरक पुसला जातो.

2000 साली देशभर शिसंमुक्त पेट्रोल आल्यावर जुन्या पेट्रोल गाड्यांचं एक नवं दुखणं पुढे आलं. ओतीव लोखंडातच सीट कापलेल्या हेडांना शिशाच्या थराचा आधार असायचा. तो गेल्यावर, ओढीच्या गाडीत विशेषतः, एक्झॉस्ट सीट खचू लागली. त्याला पेस्ट निरुपयोगी. कडक सीट रिंगच बसवावी लागते.

2019 आणि 2021 च्या महापुरात बुडालेल्या इंजिनांचा प्रकार निराळा. मिटलेल्या वॉलखालची सीट बऱ्याचदा साफ निघते, उघड्या राहिलेल्या वॉलची सीट आणि स्टेम दोन्ही गंजतात. अशा इंजिनाला स्टार्टर मारू नये. इंजेक्टर किंवा प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडावं, हातानं फिरवावं आणि हेड लवकर उतरवावं. वरवरचा गंज बारीक पेस्टनं जातो. नख अडकेल असा खड्डा असेल तर कटर लागतो.

घासणं संपल्यावर हेड रॉकेलनं, मग साबणाच्या पाण्यानं धुवायचं, गाइडमधून नायलॉनचा ब्रश फिरवायचा, हवा मारायची. राहिलेली पेस्ट पिस्टनच्या रिंगांना आणि सिलिंडरला खाते. नवे वॉल सील धुतल्यानंतरच बसवायचे.

हेड आणताना वॉल पुठ्ठ्याला क्रमानं भोकं पाडून त्यात खोचून आणा. पिशवीत मिसळले तर कोणता वॉल कोणत्या सीटचा ते कळत नाही. रॉकर आणि पुशरॉडही (वॉल उघडणारे भाग) सोबत असू द्या, आणि काजळी पॉलिश पेपरनं काढून आणू नका. कुठला वॉल गळत होता हे त्या डागांवरूनच दिसतं.